सड्यावरचं क्ले शूटिंग : बंदूक भरायला शिकायची असेल तर जा, जेवायला जाऊ नका

आधीच सांगतो, मी शूटर वगैरे काही नाही. घरी पीक संरक्षणाचं लायसन आहे, आजोबांपासून चालत आलेलं, एक बारा बोरची दुनळी आहे आणि हापूसची शंभरेक कलमं आहेत, त्यामुळे बंदुकीशी आमचा संबंध म्हणजे सकाळी सहाला वानरांची टोळी बागेत उतरली की मागच्या पडवीतून हवेत एक बार काढायचा आणि परत चहाला बसायचं. आणि निवडणूक लागली की तीच बंदूक पोलीस स्टेशनला जमा करून यायची, नेमका तेव्हाच आंबा तयार असतो हा भाग वेगळा, त्यावर बोलायला लागलो तर रिव्ह्यू बाजूलाच राहील.

तर देवगड बाजूला एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एक रिटायर्ड फौजी गृहस्थ सुट्टीच्या दिवशी सकाळी क्ले शूटिंग शिकवतात. नाव लिहीत नाही कारण खाली थोडी कुरकुर केलीय, आणि तसंही त्या बाजूला कोणालाही "ते बशा उडवतात ते" असं विचारलंत तर रस्ता दाखवतात. बशी हा शब्द एकदम बरोबर आहे बरं का. क्ले म्हणजे अकरा सेंटीमीटर रुंद आणि साधारण १०५ ग्रॅमची काळी-केशरी बशीच असते, मातीची नसते, डांबरासारखं पिच आणि चुनखडीची पावडर दाबून करतात, हातातून कातळावर पडली की बिस्किटासारखी तुटते. मशीन ती फेकतं आणि आपण ती हवेत फोडायची.

मी गेलो फेब्रुवारीत, मोहोर फुटून कणी धरली होती आणि दोन फवारण्यांच्या मधे एक शनिवार मोकळा मिळाला. सोबत चुलतभाऊ बंड्या. नव्वद किलोमीटर गाडी मारून गेलो आणि गेटवरच पहिली भानगड, बंड्याकडे लायसन नाही म्हणून त्याला बंदुकीला हातच लावू दिला नाही. माझ्या लायसनची झेरॉक्स घेतली, ओरिजिनल बघितलं, आधार बघितलं, रजिस्टरमधे सही घेतली, आणि बंड्याला एक प्लॅस्टिकची खुर्ची दिली. नियम आहे तर आहे, त्याबद्दल वाद नाही, पण फोनवर बुकिंग करताना "दोन माणसं" म्हटलं तेव्हा हे सांगायला काय झालं होतं? बंड्या अख्खी सकाळ खुर्चीत बसून माझे व्हिडिओ काढत राहिला आणि ते त्याने फॅमिली ग्रुपवर टाकले, कुठले टाकले ते पुढे कळेलच.

आता मूळ मुद्दा. तिथे शिकायला जी बंदूक देतात ती सेमी-ऑटोमॅटिक, बारा बोरची, एकच नळी. मला वाटलेलं काय, दुनळी तीस वर्षं बघतोय, हिच्यात काय वेगळं असणार. आणि इथेच मास्तरांनी, सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, पहिल्या पाच मिनिटात माझी हवा काढली. दोन बंदुका टेबलावर ठेवल्या, एक त्यांची स्वतःची दुनळी, मोडून म्हणजे बिजागरीवर उघडून ठेवलेली, आणि एक ही सेमी-ऑटो, बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा, तो बंद. विचारलं, यातली कुठली भरलेली आहे? दुनळीच्या दोन्ही नळ्यांतून पलीकडचं आकाश दिसत होतं, सो ती रिकामी हे शेंबडं पोर पण सांगेल. सेमी-ऑटोकडे मी बघत बसलो. बाहेरून काहीच कळत नाही. भरलेली असली तरी तशीच दिसते, रिकामी असली तरी तशीच. मी म्हटलं रिकामी असणार, तुम्ही टेबलावर ठेवलीय म्हणजे. त्यावर मास्तर म्हणाले, "मोकळी आसा म्हणान सांगा नको, माका दाखय." हे वाक्य त्या दिवशी किमान वीस वेळा ऐकलं, आता घरात रिकाम्या बरणीबद्दल पण आम्ही तेच म्हणतो.

रिकामी होती, पण ते सिद्ध कसं करायचं त्याची एक पद्धत आहे आणि ती त्यांनी करून घेतली. तोंड समोर मोकळ्या बाजूला, बोट चापाच्या कडीच्या बाहेर नळीच्या रेषेत सरळ, सेफ्टी लावलेली, मग बोल्टचा दांडा मागे ओढून अडकवायचा आणि तीन जागा बघायच्या. नळीच्या मागचं घर म्हणजे चेंबर, त्याच्या खाली काडतूस वर उचलणारी पट्टी, आणि नळीखालची मॅगझिनची नळकांडी. नुसतं डोळ्याने बघून चालत नाही, करंगळी घालून चाचपायचं. बोट काळं होतं, होऊ दे. घरच्या दुनळीला मी हे कधी केलं नाही कारण तिला लपवायला जागाच नाही, पण हिच्या पोटात एक काडतूस राहिलं आणि तुम्ही फक्त चेंबर बघितलंत तर बोल्ट पुढेमागे झाला की ते वर येऊन बसतं आणि तुम्ही आपले रिकामी रिकामी म्हणत हिंडताय.

मग पूर्ण एक तास डमी काडतुसांवर. एक तास! पैसे भरून आलेली माणसं कंटाळली, पुण्याहून आलेले एक जण दोनदा घड्याळ बघून झाले, पण मला विचाराल तर याच एका तासाचे पैसे आहेत, पुढचं फोडाफोडीचं प्रकरण बोनस धरा. डमी म्हणजे आकाराने वजनाने काडतुसासारखंच, आत दारू नाही की छर्रे नाहीत, रंग वेगळा म्हणजे खऱ्यात मिसळत नाही. खरी काडतुसं तोपर्यंत कुलपात होती, जीपच्या मागे, आणि चावी मास्तरांच्या खिशात.

भरायचं कसं तर त्यांच्या भाषेत, "पयला वयरसून, दुसरा खालसून." म्हणजे आपल्या जागेवर उभं राहिल्यावर आणि आपला नंबर आल्यावरच, त्याआधी नाही, बोल्ट मागे अडकलेलाच असतो, पहिलं काडतूस उजवीकडच्या खिडकीतून सरळ ठेवायचं, पितळी बाजू मागे, आणि बोल्ट सोडायचं बटण दाबायचं. बोल्ट जो सुटतो तो उंदराच्या सापळ्यासारखा सुटतो. खिडकीत बोट असेल तर गेलं. आधी सांगितलेलं असून सुद्धा पुण्याच्या त्याच घड्याळवाल्या गृहस्थांनी अंगठा राहू दिला आणि नखाखाली रक्त साकळलं, त्यानंतर त्यांनी घड्याळ बघितलं नाही. मग बंदूक किंचित कलती करून, तोंड मात्र समोरच, दुसरं काडतूस खालच्या फटीतून मॅगझिनमधे सारायचं, अंगठ्याने पूर्ण आत, "टक" असा आवाज येईपर्यंत. अर्धवट सारलं तर स्प्रिंग ते परत बाहेर फेकते आणि आपण दचकून खाली बघतो, आणि माणूस खाली बघतो तेव्हा बंदूक कुठे बघते याचा त्याला पत्ता नसतो, हे मास्तरांचं निरीक्षण आणि माझा अनुभव.

बस, दोनच. मॅगझिनमधे जागा जास्त असते पण क्लेला एका बशीसाठी दोनच बार, म्हणून दोनपेक्षा जास्त भरायचीच नाहीत, आणि पहिले काही राउंड तर नवख्या माणसाला एकच देतात. का एकच, ते मला चांगलंच कळलं.

झालं असं की माझ्या पहिल्या सातेक बशा गेल्या, त्यातल्या दोन फुटल्या. मग मास्तर म्हणाले आता दोन भर. भरली, व्यवस्थित, वरून आणि खालून. "पुल" म्हटलं, बशी उडाली, बार काढला आणि चक्क चुरा झाला तिचा, असा काळा धूर हवेत, आणि मी आनंदाने मागे वळलो. बंड्या व्हिडिओ काढत होता ना, त्याला दाखवायला. घरच्या दुनळीची सवय, एक बार झाला, काम झालं, आता गप्पा. अर्धाच वळलो असेन, तेवढ्यात मास्तरांचा तळवा नळीवर बसला आणि त्यांनी ती जिथल्या तिथे समोर दाबून धरली. ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "खंय बघतस? फुडे बघ." आणि मग मला उलगडलं. दुनळीत दुसरा बार आपण मुद्दाम काढेपर्यंत आपल्याला आठवण असते की एक शिल्लक आहे. इथे पहिला बार झाल्याबरोबर बंदुकीने स्वतःच रिकामं टरफल बाहेर फेकलं, स्वतःच दुसरं काडतूस वर घेतलं आणि स्वतःच बोल्ट बंद केला, मला न विचारता. सेफ्टी काढलेली, बोट कुठे होतं मला आजही नक्की सांगता येत नाही, आणि नळी बंड्याच्या खुर्चीकडे निघाली होती. तो व्हिडिओ आहे. तोच फॅमिली ग्रुपवर गेला. काकूने अंगठा दाखवलाय खाली.

मला दोन राउंड बाहेर बसवलं. रागाने नाही, पण बसवलं. बसल्या बसल्या मास्तर येऊन सांगत होते की सेफ्टीवर भरवसा ठेवू नको, बहुतेक शॉटगनची, म्हणजे छर्र्याच्या बंदुकीची, सेफ्टी फक्त चाप अडवते, आतली पिन अडवत नाही, बंदूक आपटली तर काहीही होऊ शकतं. "बोटाक काम नाय तेवा बोट भायर," एवढं बोलून उठले.

माझ्यासोबत रत्नागिरीच्या एक मॅडम होत्या, त्यांचं शांत काम. प्रत्येक बारानंतर बंदूक समोरच, दोन्ही झाले की बोल्ट मागे अडकलाय ना बघायचं, मग चेंबरमधे ते नारिंगी प्लॅस्टिकचं निशाण खोचायचं, म्हणजे लांबून पण कळतं की हिच्यात काही नाही, आणि मग पुढच्या जागेवर चालायचं. नारिंगी निशाण नसेल तर मास्तर चालूच देत नाहीत. हे निशाण म्हणजे दहा-वीस रुपयाची वस्तू वाटावी असं प्लॅस्टिक आहे पण सेमी-ऑटोला तेच दुनळी मोडून काखेत घेण्यासारखं आहे, इतरांना दिसलं पाहिजे हा मुद्दा.

एकदा बंदूक अडकली पण. टरफल बाहेर पडता पडता बोल्टमधे उभं राहिलं. कारण त्यांनी सांगितलं ते असं की क्लेची काडतुसं हलकी असतात, ऑलिंपिकच्या नियमाने छर्रा जास्तीत जास्त २४ ग्रॅम, आणि काही सेमी-ऑटोंना बोल्ट पूर्ण मागे ढकलायला तेवढा जोर पुरत नाही, त्यात जळलेल्या दारूच्या गॅसवर चालणारी असेल आणि आतली भोकं काजळीने तुंबली असतील तर बघायलाच नको. आणि आपल्याकडची खारी हवा! मॅगझिनच्या नळकांडीत आतून गंज धरतो आणि स्प्रिंग सुस्त होते, म्हणून ते प्रत्येक शनिवार-रविवारनंतर बंदूक पूर्ण खोलून पुसतात. अडकली तर काय करायचं, तर तोंड समोर, बोट बाहेर, डावा हात वर आणि गप्प उभं राहायचं. स्वतः खटपट करायला जायचं नाही. चाप ओढला आणि बार झालाच नाही तर तीस सेकंद तसंच समोर धरून ठेवायचं, कधीकधी दारू उशिरा पेटते. आणि बार झाला पण आवाज फुसका आला, फटाका ओला असल्यासारखा, तर पुढचा बार अजिबात काढायचा नाही. बंदूक रिकामी करून मागच्या बाजूने नळीत बघायचं, आत काडतुसातलं बुच अडकलेलं असू शकतं. सेमी-ऑटोत हे जास्त वाईट कारण पुढचं काडतूस आपोआप चेंबरमधे येऊन बसलेलं असतं, आणि तुंबलेल्या नळीत बार काढणं म्हणजे नळी फाटणं.

पिवळ्या काडतुसाची गोष्ट मला नवीन होती. चहाच्या वेळी मास्तरांनी खिशातून एक पिवळं काडतूस काढलं आणि एक सुटी बारा बोरची नळी आणली, खरंच सुटी, जुन्या मोडीतली. आधी बारा बोर का म्हणतात ते सांगितलं, एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी, तेवढं नळीचं भोक, म्हणून आकडा वाढला की भोक लहान, वीस बोर बारीक. मग ते वीस बोरचं पिवळं काडतूस बारा बोरच्या नळीत सोडलं. आरामात आत गेलं आणि थोडं पुढे जाऊन अडकून बसलं. मागून बघितलं तर चेंबर रिकामा दिसतो. त्याच्या मागे बारा बोरचं काडतूस सहज बसवून दाखवलं, डमीच, बोल्ट पण बंद झाला असता. मग चाप ओढला की काय होईल ते कोणी विचारलं नाही. म्हणून वीस बोरची काडतुसं मुद्दाम पिवळी करतात आणि म्हणून दोन बोर एकाच खिशात कधी ठेवायचे नाहीत. तिथे येणाऱ्या प्रत्येकाचे खिसे आधी उलटे करायला लावतात त्याचं कारण हे, मला वाटलेलं तंबाखू शोधतायत.

तसंच काडतुसाची लांबी. ७० मिलिमीटरची आणि ७६ ची असते, ही लांबी बार झाल्यावरची धरतात, भरताना तोंड मुडपलेलं असल्याने लांब काडतूस आखूड चेंबरमधे पण बसतं आणि तिथेच घोटाळा होतो. नळीवर कोरलेलं असतं ते वाचायचं. घरी येऊन पहिलं काम केलं, आजोबांच्या दुनळीवरचं वाचलं, तीस वर्षांत पहिल्यांदा.

आता कुरकुर. वेळ सकाळी सातची सांगितली, पहिली बशी उडाली सव्वानऊला. तासभर शिकवण्यात गेला ते सोडा, बाकी वेळ जनरेटर चालू होत नव्हता म्हणून गेला. कानाला लावायचे मफ चार, माणसं सहा, तर दोघांना कापसासारखे फोमचे बोळे दिले, ते पण कसे घालायचे हे दाखवलं नाही, आणि बारा बोरचा आवाज मोकळ्या सड्यावर सुद्धा कानात शिट्टी ठेवून जातो. स्वतःचे घेऊन जा. चष्मे मात्र सगळ्यांना होते, बशीचे तुकडे वाऱ्याने मागे येतात म्हणून लागतातच. उजव्या हाताला उभे राहणाऱ्याच्या गळ्यात एकदा गरम टरफल पडलं, सेमी-ऑटो टरफलं उजवीकडे फेकते हे त्यांना माहीत आहे, मग जागा थोड्या लांब आखा ना. सावलीला एकच ताडपत्री, आणि ती पण बशांच्या खोक्यांना, कारण म्हणे उन्हात त्या नरम पडतात. माणसं नरम पडतात त्याचं काय.

आणि गुरं. समोर साधारण तीनशे मीटर मोकळं पाहिजे कारण बारीक छर्रा सुद्धा अडीचशे-पावणेतीनशे मीटरपर्यंत जाऊन पडू शकतो, तेवढी जागा आहे तिथे, जमीन उत्तरेकडे तोंड करून आखलीय म्हणजे ऊन डोळ्यात येत नाही, लाल झेंडा लावतात, सगळं बरोबर. पण दोनदा म्हशी आल्या. दोन्ही वेळा शिट्टी, सगळ्यांचे बोल्ट मागे, बंदुका टेबलावर, टेबलापासून पाच पावलं मागे, आणि एक पोरगा म्हशी हाकायला धावला. शिस्त बघून बरं वाटलं, पण कुंपण घालायला काय हरकत आहे.

जेवण. पॅकेजमधे "कोकणी जेवण" लिहिलंय. सोलकढी गुलाबी पाणी होती. देवगडात येऊन बांगडा थंड मिळावा याला काय म्हणायचं. मालवणी माणसाने हे करावं म्हणजे रे म्हाराजा.

दर माणशी साडेचार हजार, त्यात २५ काडतुसं, बंदूक, शिकवणं आणि ते जेवण. महाग आहे पण काडतूस स्वस्त राहिलेलं नाही. स्पर्धेसाठी म्हणून जाणार असाल तर हे ठिकाण त्यासाठी नाही, खऱ्या ट्रॅपला, म्हणजे बशा फोडायच्या ऑलिंपिक प्रकाराला, पाच जागा आणि खंदकात पंधरा मशीनं लागतात, इथे दोन मशीनं आहेत, एक डावीकडे जोर मारतं. एकोणीस वर्षांचा एक मुलगा आला होता, कोल्हापूरला रायफल शिकतो, त्याला शॉटगन करायचीय. आपल्याकडे शूटिंग म्हटलं की तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे, सगळं कोल्हापूर आणि सगळं रायफल-पिस्तूल, शॉटगनला राज्यवर्धन राठोडांचं २००४ चं अथेन्सचं रौप्य आणि पॅरिसला २०२४ मधे मिक्स स्कीटला, म्हणजे बशांच्याच दुसऱ्या प्रकाराच्या मुलगा-मुलगी जोडीच्या स्पर्धेत, ४३–४४ असं एका बशीने गेलेलं ब्राँझ, ते पण राजस्थानच्या पोरांचं. मास्तरांनी त्याला सरळ सांगितलं, दुनळी घे, एकावर एक नळी असलेली, मोठे शूटर बहुतेक तीच वापरतात, सेमी-ऑटो शिकायला चांगली कारण खांद्याला धक्का कमी बसतो. गिऱ्हाईक हातचं जाईल याचा विचार केला नाही माणसाने, हे मला आवडलं.

पाचपैकी चार. एक मार्क जेवणाचा, कानाचा आणि बंड्याच्या खुर्चीचा मिळून कापला. शिकवण्याला पाचपैकी पाच.

जाणार असाल तर फोनवर लायसनचं आधी विचारून घ्या, पायात बूट घाला कारण कातळ तापतो, बंदूक जमिनीला टेकवायची वेळच येऊ देऊ नका, नळीच्या तोंडात लाल माती गेली तर मास्तर पूर्ण नळी पुसून घेतल्याशिवाय भरू देत नाहीत आणि तुमचा नंबर जातो. जून ते सप्टेंबर बंद. डबा घरून न्या.

बंड्याने लायसनसाठी अर्ज करायचं मनावर घेतलंय. काकू म्हणते आधी मला मागे न वळायला शिकवा.